पावतीवरचा पिनकोड आणि दानीएलचे भाकीत

१९८० च्या आसपास मी ऑडिटच्या कामात अगदी नवा होतो. बडोद्यातल्याच एका जुन्या न्यासाचे दप्तर तपासताना मार्च १९७१ ची एक पावती हाती लागली. कागद पिवळट, सही झोकदार, रक्कम कीर्दीशी जुळणारी. खटकले एवढेच, की पावतीच्या डोक्यावर छापलेल्या पत्त्यात '३९०००१' होते. आपल्या देशात पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. म्हणजे ही पावती स्वतःच्या तारखेनंतर निदान सोळा महिन्यांनी जन्मलेली होती. चोर पकडल्याच्या आनंदात मी ती वरिष्ठांपुढे ठेवली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "पावती मागाहूनची आहे, हे तुम्ही शोधलंत. व्यवहार खोटा आहे का, हे अजून शोधलेलं नाही. दोन वेगळी कामं आहेत ती."

पुढे कळले ते असे. विश्वामित्रीच्या पुराचे पाणी दप्तरखान्यात शिरले होते, पावतीपुस्तकांचा लगदा झाला होता आणि कारकुनाने कीर्दीवरून नव्या छापील पुस्तकात जुन्या पावत्या पुन्हा लिहून काढल्या होत्या. पैसे खरोखरच दिले गेले होते, बँकेचे पासबुक तसे सांगत होते. कारकुनाची चूक एवढीच, की त्याने 'नक्कल' असा शेरा मारला नाही.

गेल्या वर्षी कमाटीबागेतल्या आमच्या सकाळच्या बाकावर ही पावती मला पुन्हा आठवली. एकाने मोबाइल पुढे केला. इस्राएल-इराणच्या लढाईची चित्रे, मागे ढोलताशांसारखे संगीत आणि एक गंभीर आवाज: बायबलमध्ये दानीएल संदेष्ट्याने अडीच हजार वर्षांपूर्वी हे सगळे लिहून ठेवले आहे, पुतळ्याच्या पायाची दहा बोटे म्हणजे युरोपातले दहा देश, आता शेवटचे पर्व सुरू. आमच्यात फतेगंजचे एक ख्रिस्ती गृहस्थ आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, ही दहा बोटं मी एक्क्याऐंशीपासून ऐकतोय." दुसरे एक, दांडिया बाजारातले, छाती काढून म्हणाले, "त्यात काय मोठंसं! आपल्या भविष्यपुराणात तर व्हिक्टोरिया राणीसुद्धा आहे."

मला या दोघांशीही बोलायचे आहे, आणि तो व्हिडिओ बनवणाऱ्याशीही. जुन्या ग्रंथांतली भाकिते चव्हाट्यावर आणून त्यांच्या आधारे आजच्या युद्धाची बाजू ठरवायची असेल, तर ती भाकिते आधी इतिहासापुढे ठेवली पाहिजेत. आणि दुसऱ्याच्या पोथीला लावलेला गज आपल्या पोथीलाही लावला पाहिजे. घरात, देवघरात, चर्चमध्ये कोणी काय मानावे हा माझा विषय नाही. वही ऑडिटला आली की मात्र ती सगळ्यांची वही होते.

आधी बोटांचा हिशोब उरकू. दानीएलच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, नबुखद्नेस्सर राजाला स्वप्न पडते: एक पुतळा, डोके सोन्याचे, छाती चांदीची, पोट पितळेचे, पाय लोखंडाचे आणि पावले लोखंड व माती मिसळलेली. एकामागून एक येणाऱ्या राज्यांचे ते चित्र आहे. त्या अध्यायात बोटांचा उल्लेख आहे, पण 'दहा' हा आकडा नाही. माणसाला दहा बोटे असतात म्हणून आपण तो धरून चालतो. दहा येतात ती शिंगे, सातव्या अध्यायातल्या श्वापदाला. १९८१ साली ग्रीस युरोपच्या आर्थिक समुदायात दहावा सभासद म्हणून आला, तेव्हा पाश्चात्त्य देशांतल्या कितीतरी भाविकांना वाटले, झाले, बोटे पुरी भरली. १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आले आणि बोटे बारा झाली. आज त्या संघात सत्तावीस देश आहेत. भाकीत सांगणाऱ्यांनी मात्र आपली वही बंद केलेली नाही, फक्त पान उलटले.

खरी माया आहे ती अकराव्या अध्यायात. तिथे 'उत्तरेचा राजा' आणि 'दक्षिणेचा राजा' यांच्या दीडशे वर्षांच्या भाऊबंदकीची हकीकत भविष्यकाळात सांगितली आहे. एका बाजूला सीरियातले सेल्युकसचे घराणे, दुसऱ्या बाजूला मिसरमधले, म्हणजे इजिप्तमधले, टॉलेमीचे. दोघेही सिकंदराच्या सरदारांचे वंशज आणि मधल्या मध्ये भरडली जाणारी यहुद्यांची चिमुकली भूमी. दक्षिणेची राजकन्या उत्तरेला दिली जाईल, पण ती टिकणार नाही: टॉलेमीची मुलगी बेरेनिके अँटायकस दुसऱ्याला दिली होती आणि इ.स.पू. २४६ मध्ये सासरीच तिचा खून झाला. मोठे सैन्य घेऊन आलेल्या उत्तरेच्या राजाचा दक्षिणेकडून पराभव होईल: राफियाची लढाई, इ.स.पू. २१७. इतके बारकावे, की त्या काळच्या इतिहासाची उजळणी करायची तर हा अध्याय शेजारी ठेवावा.

मग येतो अँटायकस चौथा, स्वतःला 'एपिफनीस', म्हणजे प्रकट झालेला देव, म्हणवून घेणारा. तो मिसरवर चालून जातो आणि 'कित्तीमची जहाजे' त्याला आडवी येतात. हे रोमन. इ.स.पू. १६८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ पोपिलियस लीनस नावाचा रोमचा वकील हातातली काठी घेऊन आला, वाळूत राजाभोवती वर्तुळ काढले आणि म्हणाला, या वर्तुळाबाहेर पाय टाकण्याआधी उत्तर दे. राजा निमूटपणे परत फिरला. आपल्याकडची रेषा सीतेच्या रक्षणासाठी होती, ही राजाच्या नाक घासण्यासाठी. तो सगळा राग मग यरुशलेमवर निघाला. इ.स.पू. १६७ मध्ये त्याच्या हुकमाने मंदिरात परकी पूजा सुरू झाली, शब्बाथ पाळणे आणि सुंता करणे हे गुन्हे ठरले, धर्मग्रंथ जाळले गेले. यातली जहाजे, राजाची माघार आणि मंदिराचा विटाळ हे दानीएलच्या पुस्तकात आहे, आणि अचूक आहे.

पण चाळिसाव्या ओवीपासून गाडी रुळावरून उतरते. राजा पुन्हा मिसरवर जाईल, तिथला खजिना लुटेल, लिबिया आणि कूश त्याच्या मागे चालतील आणि परतताना समुद्र व पवित्र डोंगर यांच्यामध्ये त्याचा तंबू पडेल, तिथेच त्याचा अंत होईल, असे पुस्तक सांगते. यातले काही घडले नाही. इ.स.पू. १६४ च्या अखेरीस अँटायकस मेला तो पार इराणकडच्या मोहिमेवर.

ज्या वहीतली प्रत्येक नोंद एका तारखेपर्यंत बँकेशी पैशापैशाने जुळते आणि त्या तारखेनंतरची एकही जुळत नाही, ती वही केव्हा लिहून झाली हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. बायबलच्या बहुसंख्य अभ्यासकांनी म्हणूनच दानीएलचे आजचे रूप इ.स.पू. १६७ ते १६४ या तीन वर्षांतले मानले आहे. हा शोध कोणा आधुनिक नास्तिकाचा नाही. तिसऱ्या शतकात पॉर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाने हेच बोट ठेवले होते. त्याचा ग्रंथ ख्रिस्ती सम्राटांनी जाळायला लावला. तरी त्याचा युक्तिवाद आपल्यापर्यंत पोचला, कारण संत जेरोमने त्याला खोडून काढण्यासाठी तो आपल्या भाष्यात नोंदवून ठेवला. प्रतिवादी असावा तर असा.

फतेगंजच्या मित्राला हे पटले नाही आणि त्याचा आक्षेप हलका नाही. तो म्हणाला, "साहेब, देव पुढचं सांगू शकत नाही हे तुम्ही आधीच ठरवून टाकता, आणि मग पुस्तक मागाहूनचं आहे म्हणता." तसे असते तर मी वही खाली ठेवली असती. पण देवाला पुढचे दिसते असे मानले, तरी प्रश्न उरतोच: त्याला दीडशे वर्षे बारीकसारीक दिसावीत आणि नेमक्या १६४ मध्ये दृष्टी धूसर व्हावी, असे का? शिवाय इतर खुणा आहेत. बाबेलच्या दरबारातल्या वाद्यांची काही नावे ग्रीक आहेत. 'दारयावेश मेदी' नावाचा बाबेलचा राजा इतर कोणत्याही नोंदीत सापडत नाही. बेलशस्सर नबुखद्नेस्सराचा मुलगा म्हटला आहे, तो होता नबोनिदसचा. आणि न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: बेलशस्सर ही व्यक्तीच काल्पनिक असे एकेकाळी विद्वान म्हणत, तेव्हा एकोणिसाव्या शतकात बाबेलच्या मातीतून निघालेल्या कीलाक्षरी लेखांनी त्याचे नाव सिद्ध केले. इतिहास दानीएलच्या विरुद्ध साक्ष देतो तसा त्याच्या बाजूनेही देतो. साक्षीदाराला एकदा बोलावले की त्याचे दोन्ही जबाब लिहून घ्यायचे असतात.

आता दांडिया बाजारकडे वळतो.

आपल्या पुराणांत कलियुगातल्या राजांच्या याद्या आहेत आणि त्या सगळ्या भविष्यकाळात आहेत. विष्णुपुराण सांगते, कौटिल्य नावाचा ब्राह्मण नऊ नंदांना 'समुद्धरिष्यति', उखडून टाकील. मग मौर्य, शुंग, काण्व, आंध्र, सगळे 'भविष्यन्ति'. कारण सोपे आहे. कथा सांगितली जाते ती पांडवांच्या नातवापणतवांच्या काळात, तेव्हा पुढचा प्रत्येक राजा व्याकरणाने भविष्यातच जाणार. ही लबाडी नाही, ती त्या प्रकारच्या लेखनाची रीत आहे. दानीएलला बाबेलच्या दरबारात बसवले की अँटायकसही असाच भविष्यकाळात जातो.

एफ. ई. पार्जिटर यांनी १९१३ मध्ये या याद्यांची हस्तलिखिते ताडून एक संहिता सिद्ध केली. तिच्यात वायुपुराणातली एक ओळ येते: गंगेकाठ, प्रयाग, साकेत आणि मगध हे प्रदेश 'भोक्ष्यन्ते गुप्तवंशजाः', गुप्त वंशातले भोगतील. एवढेच. समुद्रगुप्ताने पुढे दक्षिणेपर्यंत जे रान उठवले, त्याचा मागमूस नाही. म्हणजे ही यादी बंद झाली तेव्हा गुप्तांचे राज्य अजून गंगेच्या काठाकाठाने होते, चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात. पॉर्फिरीने दानीएलला लावलेला नियम हाच. या नियमाने वायुपुराणाची तारीख काढली की आपण त्याला संशोधन म्हणतो, पाठ्यपुस्तकात घालतो. तोच नियम दुसऱ्याच्या ग्रंथाला लावला की 'बघा, पितळ उघडं पडलं' म्हणतो. आणि आपल्याच भविष्यपुराणाला लावला, की धर्म बुडतो.

ते भविष्यपुराण. हे नाव जुने आहे, आपस्तंबाच्या धर्मसूत्रातही येते. पण मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याने १८९७ च्या सुमारास जे छापले, त्यातल्या प्रतिसर्गपर्वात आदम आणि हव्यवती आहेत, न्यूह आहे, ईश मसीह आहे, अकबर आहे, आणि 'विकटावती' नावाची राणी आहे. विकटावतीनंतर काय? फाळणी नाही, गांधी नाहीत, अणुबॉम्ब नाही. वही कुठे संपली ते पाहा. मी एवढे म्हणालो आणि बाकावर थोडी शांतता पसरली. शेवटी कोणीतरी चहा मागवला.

खरे तर बडोद्यात ही शांतता शोभत नाही. वाल्मीकींनी रामायण रामजन्माच्या हजारो वर्षे आधी लिहून ठेवले, असे आपण लहानपणी आजीकडून ऐकले. आपल्याच गावच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत काढली. तिचे बालकांड उघडा. 'प्राप्तराज्यस्य रामस्य', म्हणजे रामाला राज्य मिळाल्यानंतर, वाल्मीकींनी हे चरित रचले, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. आधी लिहिल्याची गोष्ट भक्तांनी मागाहून घातली, ग्रंथाला तिची गरजही नव्हती. ही आवृत्ती काढणारे लोक रामाचे शत्रू नव्हते. देशभरातली हस्तलिखिते गोळा करून ओळ ओळ ताडायला जे प्रेम लागते, ते 'जय श्रीराम' असा मेसेज पुढे ढकलायला लागत नाही.

आणि महाराजांचे तर काय सांगावे. सयाजीरावांनी बडोदा कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासाची सोय केली, त्यासाठी अल्बन विजरी नावाचा इंग्रज प्राध्यापक आणला. ज्यांच्या शिक्षणाला त्यांनी हात दिला, ते विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्म शिकले. तिथे एस्टलिन कार्पेंटर बायबलही शिकवत आणि बौद्ध ग्रंथही, त्याच चिकित्सेने. असे शिकून आलेले शिंदे पुढे प्रार्थनासमाजात प्रार्थनाच करत होते आणि अस्पृश्यांसाठी शाळा काढत होते. तारखा कळल्याने त्यांची श्रद्धा वाळली नाही.

आता वरिष्ठांचा दुसरा प्रश्न. पावती मागाहूनची, हे कबूल. व्यवहार खोटा का?

इ.स.पू. १६७ ते १६४ या काळात यरुशलेममधल्या ज्या कोणी हे पुस्तक पुरे केले, त्याच्या घरात तोराची गुंडाळी सापडली असती तर जीव गेला असता. त्याने लिहिले ते आपल्या लोकांना धीर देण्यासाठी: साम्राज्ये आली आणि गेली, हेही जाईल. ते उघडपणे लिहिता येत नव्हते, म्हणून जुन्या काळातल्या एका शहाण्या बंदिवानाच्या तोंडी घातले. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. १९०७ साली खाडिलकरांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले, तेव्हा कीचक म्हणजे कर्झन हे पिटातल्या प्रेक्षकाला कोणी सांगितले नव्हते. सरकारला ते उमगून बंदी यायला १९१० उजाडले. उद्या हजार वर्षांनी कोणी म्हणाले, की महाभारतात कर्झनचे भाकीत होते, तर आपण हसू. आणि कोणी म्हणाले, की खाडिलकरांनी महाभारताची नक्कल करून लोकांना फसवले, तर जास्त हसू.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचे, प्रकटीकरणाचे, हेच आहे. त्यातला श्वापदाचा आकडा ६६६ अनेकांनी पोपवर, नेपोलियनवर, हिटलरवर आणि अलीकडे बारकोडवरही बसवून पाहिला. हिब्रूत अक्षरेच अंक म्हणून वापरतात. 'नेरोन कैसर', म्हणजे रोमचा सम्राट नीरो, ही अक्षरे मांडून बेरीज करा, ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत आकडा ६१६ आहे. 'नेरोन'मधला शेवटचा 'न' गाळला की पन्नास कमी होऊन बरोबर ६१६ येते. सात टेकड्यांवर बसलेली बाई म्हणजे रोम, हे त्या वेळच्या वाचकाला पिटातल्या प्रेक्षकाइतकेच ठाऊक होते. छळणारा नीरो मेला तरी नीरोपणा मेला नाही, असे त्या लेखकाला म्हणायचे होते. बारकोडवाल्यांनी ते घालवून टाकले.

इथे एका शब्दाची उलटतपासणी केली पाहिजे. मराठी ख्रिस्ती लेखनात यशया, यिर्मया यांना दोन नावे चालत आली आहेत: 'भविष्यवादी' आणि 'संदेष्टा'. मूळ हिब्रू शब्द 'नावी'. आपण 'नबी' म्हणून जो शब्द ओळखतो, त्याचाच हा सख्खा भाऊ. कोकणातले बेने इस्राएल यहुदी मलिद्याच्या विधीत ज्याला आळवतात, त्या 'एलियाहू हन्नाबी'मध्ये तोच आहे. नावी म्हणजे देवाच्या वतीने बोलणारा. पंचांग घेऊन बसलेला नव्हे. 'भविष्यवादी' या भाषांतराने आपली गाडी भलत्याच फाट्यावर नेली, आणि 'संदेष्टा' हा शब्द रुळला ते बरेच झाले.

हे नावी बोलत कोणाशी, ते पाहा. यशया आहाज राजाला खूण देतो: तरुण स्त्री गर्भवती आहे, मुलाचे नाव इम्मानुएल ठेवील, आणि त्या पोराला बरेवाईट कळण्याआधी तुला भिवविणाऱ्या दोन्ही राजांचे देश ओस पडतील. दारात शत्रू उभे होते. त्यांतल्या एकाचे दिमिष्क, म्हणजे दमास्कस, खरोखरच इ.स.पू. ७३२ मध्ये पडले. सातशे वर्षांनी जन्मणाऱ्या मुलाची खूण आहाजाच्या काय कामाची होती? हिब्रूतला 'तरुण स्त्री' हा शब्द ग्रीक भाषांतरात 'कुमारी' झाला आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने तो येशूच्या जन्माला लावला. ते मत्तयाचे वाचन आहे, त्याला त्याचा अर्थ आहे, शतकानुशतके लोक त्यावर जगले आहेत. पण पहिले वाचन पुसून दुसरे लिहिता येत नाही. दोन्ही वहीत राहिली पाहिजेत, आपापल्या तारखेसह.

मला सर्वांत भावतो तो यहेज्केल. त्याने सांगितले, नबुखद्नेस्सर सोर हे बंदर धुळीला मिळवील, ते पुन्हा कधी बांधले जाणार नाही. नबुखद्नेस्सराने तेरा वर्षे वेढा घातला आणि लुटीसारखे काहीच हाती लागले नाही. मग पंधरासोळा वर्षांनी तोच यहेज्केल लिहितो: सोरच्या कामी प्रत्येक डोक्याला टक्कल पडले, प्रत्येक खांदा सोलवटला, पण राजाला आणि त्याच्या सैन्याला मजुरी मिळाली नाही, म्हणून आता देव त्याला मिसर देत आहे. हा मजकूर एकोणतिसाव्या अध्यायात आहे, पहिले भाकीत सव्विसाव्यात. संपादकांनी एकही अध्याय काढला नाही. चुकलेली नोंद खोडायची नसते, खाली नवी नोंद करून दुरुस्त करायची असते, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा बायबलच्या संपादकांना पाठ होता. (मिसर काही नबुखद्नेस्सराच्या हाती आला नाही, तो हिशोब अजून येणे आहे.) आणि ज्या सोरबद्दल 'शोधूनही सापडणार नाही' असे म्हटले, ते सिकंदराने इ.स.पू. ३३२ मध्ये समुद्रात भराव टाकून जिंकले, तरी पुन्हा वसले, आजही लेबनॉनमध्ये वसलेले आहे. दानीएलवर बोट ठेवणारा पॉर्फिरी तर मूळचा सोरचाच. इतिहासालाही विनोद कळतो.

मीखाची गोष्ट याहून पुढची. त्याने ओरडून सांगितले, तुमच्या पापांमुळे सियोन शेतासारखी नांगरली जाईल, यरुशलेम ढिगारे होईल. हिज्कीयाच्या राज्यात तसे घडले नाही. शंभरेक वर्षांनी यिर्मयावर असेच बोलल्याबद्दल खटला भरला गेला, तेव्हा वडीलधाऱ्यांनी उठून मीखाची आठवण दिली: हिज्कीयाने त्याला मारले का? त्याने देवाचे भय धरले आणि देवाने संकट टाळले. ज्या भाकिताची 'फेल' अशी नोंद व्हावी, त्याचा दाखला न्यायालयात यिर्मयाचा जीव वाचवण्यासाठी दिला गेला. भाकीत चुकले म्हणून ते वाया गेले, असे कोणालाच वाटले नाही. डॉक्टरने 'असंच चाललं तर वर्ष काढणार नाही' म्हणावे आणि रोग्याने दारू सोडून वीस वर्षे जगावे, तर डॉक्टर खोटा पडत नाही.

मग लोकांना आकडेच का हवे असतात? कारण आकड्यात स्वतःला बसवता येते. अमेरिकेत विल्यम मिलरने दानीएलच्या '२३०० संध्याकाळ-सकाळ' या शब्दांतून २३०० वर्षे काढली, इ.स.पू. ४५७ पासून मोजली, आणि त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस पक्का केला. हजारो लोक आकाशाकडे डोळे लावून बसले. काहींनी शेतातली पिके उभीच सोडली होती. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. संध्याकाळ आणि सकाळ वेगवेगळी मोजली तर २३०० म्हणजे ११५० दिवस, तीन वर्षांहून थोडे जास्त. मंदिर बाटवले गेल्यापासून पुन्हा शुद्ध होईपर्यंत जवळपास तेवढाच काळ गेला. आकडा यरुशलेमच्या लोकांना 'इतके दिवस सोसा' असे सांगत होता.

भाकीत कधीकधी इतिहास घडवतेही, हे मी नाकारत नाही. प्लासीनंतर शंभर वर्षांनी कंपनीचे राज्य बुडणार, ही वदंता १८५७ मध्ये छावण्यांतून फिरत होती, आणि २३ जूनला, प्लासीच्या बरोबर शताब्दीला, दिल्लीच्या टेकडीवरच्या इंग्रजांवर शिपायांनी दिवसभर निकराचा हल्ला केला. मनस्से बेन इस्राएल या अॅमस्टरडॅमच्या यहुदी विद्वानाने १६५५ मध्ये क्रॉमवेलला गळ घातली: पवित्र लोकांची पांगापांग पुरी झाल्याशिवाय शेवट यायचा नाही, असे दानीएल सांगतो, तेव्हा इंग्लंडचे दार यहुद्यांना उघडा. एकाच पुस्तकाने एकीकडे दार उघडायला मदत केली आणि आज तेच पुस्तक कुणाची घरे पाडावीत याची यादी म्हणून वाचले जाते. म्हणून तर मी हा प्रश्न सार्वजनिक म्हणतो. कोणत्या गावावर बॉम्ब पडणे ही 'देवाची योजना' आहे असे मानणारा मतदार, मंत्री किंवा सेनापती कुठल्याही देशात असला, तरी त्याची पोथी तपासण्याचा हक्क त्या गावातल्या माणसाला आहे.

आयझॅक न्यूटनने दानीएल आणि प्रकटीकरण यांवर आयुष्यभर टिपणे केली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १७३३ मध्ये, पुस्तकरूपाने आली. माणसाला पुढचे कळावे या कुतूहलापायी देवाने भाकिते दिलेली नाहीत, असे त्याने बजावले आहे. त्याच न्यूटनने खाजगी कागदांत जगाच्या अंताचे २०६० हे वर्ष मांडून ठेवले. तेही, म्हणे, रोज नव्या तारखा देणाऱ्यांची तोंडे बंद व्हावीत म्हणून. त्याच्यासारख्याची ही गत, तर आमच्या बाकावरच्या मोबाइलची काय कथा.

फतेगंजचे मित्र परवा एकटेच भेटले. म्हणाले, "तुम्ही सगळ्यांचं बोललात, योनाचं नाही बोललात." खरे होते.

योनाला देवाने निनवेला पाठवले, अश्शूरांच्या राजधानीत, ज्यांच्या क्रौर्याने सगळा मुलूख थरकापत होता. त्याने चाळीस दिवसांची मुदत दिली. लोकांनी गोणपाट नेसले, गुराढोरांनाही उपास घडवला, आणि देवाने शहर सोडून दिले. योना चिडला. तो शहराबाहेर मांडव घालून सावलीत बसला, शहराचे काय होते ते पाहायला. देवाने त्याला विचारले, ज्यांना उजवा हात कोणता आणि डावा कोणता हे कळत नाही, अशी एक लाख वीस हजार माणसे इथे आहेत, आणि जनावरेही पुष्कळ. मला त्यांची दया येऊ नये? या प्रश्नावरच ते पुस्तक थांबते. योनाने काय उत्तर दिले, ते लिहिलेले नाही.

निनवे आज इराकमधल्या मोसूल शहरात आहे. तिथल्या एका टेकाडावर नबी युनूसची मशीद होती, म्हणजे योनाचीच. जुलै २०१४ मध्ये ती सुरुंगांनी उडवण्यात आली. उडवणाऱ्यांनी खाली बोगदे खणले होते. २०१७ मध्ये शहर इस्लामिक स्टेटच्या ताब्यातून सुटल्यावर पुरातत्त्ववाले त्या बोगद्यांत उतरले, तेव्हा अश्शूरी राजवाड्याच्या भिंती आणि एसरहद्दोन राजाचे लेख मिळाले. मित्राने मला मोबाइलवर त्या बोगद्याचा फोटो दाखवला. दगडी भिंत, तिच्यावर ओळीच्या ओळी कोरलेल्या, आणि वर मोडक्या मशिदीची माती. आम्ही दोघे तो बराच वेळ मोठा करून पाहत राहिलो.